मावळ्याची तलवार छातीला का चिकटलेली असते?

दिवाळी जवळ आली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गावोगावी अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटा आणि जुनी पोती जमू लागतात. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मुले त्यांवर काळ्या मातीचा चिखल थापतात. बुरूज उभे राहतात, हळीव पेरले जातात, हळदीकुंकवाच्या डबीएवढे तळे होते. मग बाजारातून मावळे येतात. इंदापुरात तर या खेळाला खऱ्या इतिहासाची पार्श्वभूमी आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत कामी आले आणि त्यांची गढी गावात आहे.

असे किल्ले पाहत हिंडताना आम्हाला एक गंमत नेहमी दिसते. दरवाजाच्या एका बाजूला मातीचा किंवा प्लास्टरचा मावळा ढाल-तलवार घेऊन उभा असतो. दुसऱ्या बाजूला असतो हिरव्या प्लॅस्टिकचा शिपाई. डोक्यावर पोलादी शिरस्त्राण, हातात बंदूक. सतराव्या शतकातल्या किल्ल्यावर विसाव्या शतकातला पहारेकरी! आपण हसतो आणि पुढे जातो. एकदा मात्र आठवीतल्या एका मुलीने आम्हाला थांबवून विचारले, "मावळ्याची तलवार छातीला का चिकटलेली असते? त्याला हात वर करता येत नाही का?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधत गेलो तेव्हा कुंभाराच्या साच्यापासून प्लॅस्टिकच्या कारखान्यापर्यंत जावे लागले. खेळण्यातल्या शिपायाचा इतिहास हा लढायांचा इतिहास असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो बराचसा साच्यांचा इतिहास आहे. शिपाई कसा उभा राहील, हात कुठे ठेवील, एका तुकड्यात येईल की दहा तुकड्यांत, हे सारे साचा ठरवतो.

साच्याचा नियम

मळलेल्या मातीच्या गोळ्यात एक चमचा पालथा दाबा आणि सरळ वर उचला. ठसा स्वच्छ उमटतो. आता कपाची कानशी त्याच मातीत पुरी बुडवा आणि वर ओढा. कानशीच्या भोकात शिरलेली माती ठसा फाडूनच बाहेर येते. म्हणजे जी वस्तू साच्यातून सरळ रेषेत बाहेर निघू शकते, तीच त्या साच्यात धड तयार होते. आत वळलेला भाग अडकतो. कारखान्यातले लोक अशा अडकणाऱ्या भागाला 'अंडरकट' म्हणतात.

मावळा करायला कुंभार दोन अर्ध्या साच्यांचा उपयोग करतो, एक पुढच्या अंगाचा आणि एक पाठीचा. दोन्हींत माती दाबायची, अर्धे एकमेकांवर बसवायचे आणि थोड्या वेळाने साचा उघडायचा. सुकताना माती आकसते, म्हणून ती साच्यापासून आपोआप सुटते. ही युक्ती फार जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे येथे सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. त्या अशाच दुहेरी साच्यांत घडवलेल्या आहेत. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर आणि आजचा मावळा घडवणारा कारागीर एकाच नियमाने बांधलेले आहेत.

आता मावळ्याने हात पुढे उगारला आहे असे समजा. हात आणि धड यांच्यामध्ये पोकळी राहणार आणि साचा त्या पोकळीत अडकणार. शिवाय मातीचा काडीएवढा हात सुकतानाच तडकणार. म्हणून कारागीर हात धडाला चिकटवतो, तलवार छातीवर आडवी घेतो, दोन पायांमधली जागा भरून टाकतो. मुलीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर झाले.

काही कारागिरांनी यावर तोड काढलेली आहे. ते मावळ्याच्या मुठीत एक भोक ठेवतात आणि मूर्ती तयार झाल्यावर त्यात भाल्याची काडी खोचतात. ही काडी लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीतली मोठी कल्पना तिच्यातच दडलेली आहे.

शिसे आणि पोकळ शिपाई

युरोपात खेळण्यातले शिपाई धातूचे होते. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या परिसरात अठराव्या शतकापासून कथील-शिशाचे चपटे शिपाई ओतले जात. चपटे का, तर चपट्या आकृतीत अंडरकट जवळजवळ नसतो. १८९३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिपाई बाजारात आणले. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतायचा, साच्याला टेकलेला बाहेरचा थर थिजला की आतला अजून पातळ असलेला धातू उलटा ओतून काढायचा. आकार भरीव शिपायाचा, धातू मात्र थोडा. त्यामुळे किंमत उतरली आणि या शिपायांची साधारण ५४ मिलिमीटर ही उंची पुढे जगभर प्रमाण मानली गेली.

शिसे विषारी असते. मुले खेळणी तोंडात घालतात, हे सांगायला नको. ब्रिटनमध्ये १९६६ साली शिशाच्या शिपायांचे उत्पादन थांबले. तोपर्यंत त्यांची जागा घ्यायला प्लॅस्टिक तयार होते.

प्लॅस्टिक येते

गरम करून मऊ केलेले प्लॅस्टिक बंद साच्यात दाबाने भरायचे, या पद्धतीला इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात. अमेरिकेतल्या जॉन वेस्ली हायट यांनी अशा यंत्राचे पेटंट १८७२ साली घेतले. ते सेल्युलॉइडसाठी होते. खेळण्यांना हवे असलेले स्वस्त प्लॅस्टिक पुढे पन्नास-साठ वर्षांनी आले. जर्मनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिस्टायरीनचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. पॉलिथीन इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ साली सापडले. अमेरिकेत बर्गन टॉय अँड नॉव्हेल्टी या कंपनीने १९३८ साली प्लॅस्टिकचे शिपाई विकायला काढले. आपल्या किल्ल्यावरचा हिरवा शिपाई त्यांच्याच वंशातला. भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ मध्ये आणि पॉलिथीनचे १९५९ मध्ये सुरू झाले.

इंजेक्शन मोल्डिंगचा साचा पोलादाचा असतो. आपल्याकडच्या कारखान्यांत त्याला 'डाय' म्हणतात. सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाचे पॉलिस्टायरीन शेकडो वातावरणांच्या दाबाने त्यात घुसते, थंड साच्याला लागून काही सेकंदांत थिजते, साचा उघडतो आणि वस्तू बाहेर पडते. मातीच्या साच्याचा नियम इथेही लागू आहे, आणि अधिक कडकपणे. पोलाद तसूभरही वाकत नाही.

हिरवा शिपाई मऊ पॉलिथीनचा असेल तर त्याला थोडी सवलत मिळते. तो स्वतःच जरासा वाकून साच्यातून सुटतो. तरीही तो हातात घेऊन नीट पाहा. बंदूक बहुधा अंगालगत असते. कानापासून बुटापर्यंत एक बारीक उंच रेघ जाते. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळाले, ती ही रेघ. पायाखालची चपटी बैठक त्याला उभे ठेवते आणि दोन्ही पायांच्या साच्यांत प्लॅस्टिक पोचवायलाही मदत करते.

मऊ पॉलिथीनला एक खोड मात्र आहे. त्यावर रंग टिकत नाही आणि कुठलाही साधा गोंद त्याला धरत नाही. पॉलिथीनच्या लांबच लांब रेणूंत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात, विद्युतभारांची असमान वाटणी जवळजवळ नसते. त्यामुळे रंगाच्या रेणूंना धरून ठेवील असे त्याच्या पृष्ठभागावर काही नसते. शिवाय हे रेणू जागोजाग एकमेकांलगत घट्ट रचलेले असतात, म्हणून नेहमीच्या तापमानाला द्रावक त्यांच्यात शिरू शकत नाही.

शिपाई तुकड्यांत का आला?

आता कुंभाराच्या त्या काडीकडे परत येऊ. हात साच्यात अडकतो ना? मग हात वेगळा करा! धड एका जागी, डोके दुसरीकडे, दोन हात, टोपी, पाठीवरची पिशवी, बंदूक हे सारे वेगवेगळे. प्रत्येक तुकडा साच्यात अशा दिशेने निजवायचा की तो सरळ बाहेर येईल. सगळे तुकडे प्लॅस्टिकच्या बारीक दांड्यांच्या एका जाळीला लटकलेले राहतात. वितळलेले प्लॅस्टिक ज्या वाटांनी तुकड्यांपर्यंत पोचले, त्याच वाटा थिजून या दांड्या होतात. गिऱ्हाइकाने तुकडे कापून घ्यायचे आणि घरी जोडायचे. हेच किट. जोडून झालेला शिपाई हात उगारू शकतो, मान वळवू शकतो, घोड्यावर पुढे झुकू शकतो.

किट विकण्याची कल्पना मात्र काटकसरीतून आली. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली लंडनमध्ये एअरफिक्स ही कंपनी काढली. सुरुवातीला ती हवा भरलेली रबरी खेळणी करी, नंतर प्लॅस्टिकचे कंगवे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीने आपल्या विक्रेत्यांना देण्यासाठी तिच्याकडून ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करून घेतली. कारखान्यात ती हाताने जोडणे महाग पडे. मग खर्च वाचवण्यासाठी एअरफिक्सने सुटे तुकडेच विकायला काढले. मुलांना जोडण्यातच मजा वाटली! १९५२ साली याच कंपनीचे 'गोल्डन हाइंड' हे जहाज पॉलिस्टायरीनच्या तुकड्यांत, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोन शिलिंगांना विकले जाऊ लागले.

शिपाई मागाहून आले. १९५९ मध्ये एअरफिक्सने मऊ प्लॅस्टिकचे इवलेसे, एकसंध शिपाई काढले. ते खेळण्यातल्या रेल्वेशेजारी शोभतील एवढेच उंच होते. जोडायचे शिपाई १९६० च्या दशकात पुढे आले. फ्रान्समधल्या हिस्टोरेक्सने नेपोलियनच्या सैन्यातले स्वार आणि पायदळ बारीकसारीक तुकड्यांत दिले. जपानच्या तामियाने रणगाड्यांसोबत ठेवायला १/३५ प्रमाणातले सैनिक काढले. १९७० च्या दशकात एअरफिक्सने ५४ मिलिमीटर उंचीचे ऐतिहासिक सैनिक किटच्या रूपात दिले. त्यांत वॉटर्लूच्या लढाईचे शिपाई होते. आज संग्राहक जुने किट म्हणून जे जपून ठेवतात, त्यांत या संचांना मान आहे.

हे किट पॉलिस्टायरीनचेच का? एक तर ते साच्यातला अत्यंत बारीक तपशील, अगदी कोटाची बटणेसुद्धा, उचलते. थंड होताना ते फारसे आकसतही नाही. पॉलिस्टायरीन शेकडा एकापेक्षाही कमी आकसते, तर पॉलिथीन शेकडा दोन-तीन. म्हणून तुकडे एकमेकांत नीट बसतात. तिसरे कारण जोडणीचे. पॉलिस्टायरीनच्या गोंदात द्रावक असतो. तो दोन्ही तुकड्यांचा पृष्ठभाग विरघळवतो, एकाचे रेणू दुसऱ्याच्या रेणूंत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. कुंभार ओला कान मडक्याला पातळ चिखल लावून जोडतो, त्याच जातीची ही क्रिया आहे.

किटने मुलांना आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे प्रमाण. ५४ मिलिमीटरला ३२ ने गुणले की १७२८ मिलिमीटर येतात, म्हणजे सुमारे ५ फूट ८ इंच. माणसाची उंची! म्हणून ५४ मिलिमीटरचा शिपाई साधारण १/३२ प्रमाणात आहे असे म्हणतात. आता हाच शिपाई आपल्या मातीच्या सिंहगडावर ठेवा. सिंहगड आसपासच्या प्रदेशापासून सुमारे ७६० मीटर उंच आहे. ७६० ला ३२ ने भागले तर अंगणातला गड जवळजवळ २४ मीटर उंच हवा. आपला असतो तीन फूट. वर्गात हे गणित मांडून पाहा. अपूर्णांकांचा कंटाळा करणारी मुलेही वही काढतात.

मग किल्ल्यावर परका शिपाई का?

पोलादी साचा करणे महागाचे काम आहे. हिशेबासाठी समजू की साच्याला पाच लाख रुपये लागतात आणि एका शिपायाला एक रुपयाचे प्लॅस्टिक. हजार शिपाई काढले तर एकेक ५०१ रुपयांना पडेल. पाच लाख काढले तर दोन रुपयांना. म्हणजे स्वस्त व्हायचे असेल तर अफाट संख्या हवी, आणि अफाट संख्या खपवायला साऱ्या जगाचा बाजार हवा. बंदूकधारी शिपाई वर्षभर, देशोदेशी खपतो. मावळा खपतो आपल्या मुलखात आणि मुख्यतः दिवाळीच्या पंधरवड्यात. त्याच्यासाठी कुंभाराचा साचाच सोयीचा. तो पन्नास-शंभर ठशांनंतर झिजतो, नाक-डोळे पुसट होतात, पण नवा करायला फार पैसे लागत नाहीत. शिरस्त्राणवाला शिपाई आपल्या किल्ल्यावर येऊन उभा राहिला त्यामागे हे गणित आहे.

चांगला पोलादी साचा मालकापेक्षाही जास्त जगतो. एअरफिक्स १९८१ साली डबघाईला आली. तिचे साचे आधी पॅलिटॉयकडे, १९८६ मध्ये हंब्रोलकडे आणि २००६ नंतर हॉर्नबी या कंपनीकडे गेले. मधल्या काळात ते फ्रान्सलाही जाऊन आले. जुन्या साच्यांतले किट आता 'व्हिंटेज क्लासिक्स' या नावाने पुन्हा काढले जातात. २०१० च्या सुमारास एअरफिक्सचे कितीतरी किट भारतातल्या यंत्रांवर ओतले जाऊ लागले आणि डब्यांवर 'मेड इन इंडिया' अशी अक्षरे आली. म्हणजे कौशल्य आणि यंत्रे आपल्याकडे आहेत. कोणाची आकृती ओतायची, हे मात्र साच्यात पैसे घालणारा ठरवतो. आता त्रिमितीय छपाईत साचाच लागत नाही. त्यामुळे थोड्या संख्येने मावळे काढणेही शक्य झाले आहे.

वर्गात करून पाहा

१. शिपाई कशाचा? मोडक्या शिपायाचा भरीव तुकडा घ्या. साबणाच्या पाण्याचे बोट लावून त्यावरचे हवेचे बुडबुडे घालवा आणि तो साध्या पाण्यात सोडा. तरंगला तर बहुधा पॉलिथीन. बुडाला तर पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घाला. आता वर आला तर पॉलिस्टायरीन किंवा त्याच्या जवळचे एबीएस. खारट पाण्यातही तळाशीच राहिला तर बहुधा पीव्हीसी. प्लॅस्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळलेली असेल तर हा अंदाज चुकू शकतो, हेही मुलांना सांगा.

२. गोंद कसा धरतो? थर्माकोल हे फुगवलेले पॉलिस्टायरीनच. वेष्टनातून आलेला थर्माकोलचा छोटा तुकडा आणि पॉलिथीनच्या पिशवीचा तुकडा काचेच्या दोन बश्यांत ठेवून शिक्षकांनी प्रत्येकावर अॅसिटोनचे चार थेंब टाकावेत. थर्माकोल बसतो आणि चिकट होतो, पिशवीला काही होत नाही. प्रयोग मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावा.

३. मावळ्याचे किट. मुलांनी मळलेल्या मातीचा मावळा हातांविना घडवावा. पुढच्या अर्ध्या अंगाचा आणि नंतर पाठीचा असे प्लास्टर ऑफ पॅरिसचे दोन साचे घ्यावेत. दोन्हींच्या मध्ये साबणाचा थर द्यायला विसरू नका. हात आणि तलवार यांचे छोटे साचे वेगळे करावेत. प्लास्टर घट्ट होताना गरम होते, म्हणून त्यात बोटे खुपसून ठेवू देऊ नये आणि उरलेले मोरीत ओतू नये. साचे पूर्ण वाळल्यावर त्यांत माती दाबून तुकडे काढावेत आणि पातळ चिखलाने जोडावेत.

माती कोणती घ्यायची, हाही एक धडा आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि सुकताना फार आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. बुरुजाला ती चालते, भेगा शोभूनही दिसतात. मावळ्याचा हात मात्र तिच्यात टिकत नाही. शाडू घ्यावी, किंवा काळ्या मातीत बारीक वाळू आणि चाळलेली राख मिसळून किती भेगा कमी होतात ते मोजावे.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ले मोडतात. मातीचा न भाजलेला मावळा पहिल्या पावसात अंगणात मिसळून जातो. प्लास्टरचा सावकाश झिजतो. हिरवा शिपाई तसाच राहतो, उन्हाने ठिसूळ होतो, तुकडे होतात आणि ते तुकडे मातीत राहतात. म्हणून किल्ला मोडताना तो आठवणीने काढून डब्यात ठेवावा. डब्यात तो अनेक दिवाळ्या टिकतो.

त्या मुलीला आम्ही एवढे सगळे एका दमात सांगितले नाही. मावळ्याच्या अंगावरची साच्याची रेघ तिला दाखवली आणि विचारले, साचा कोणत्या बाजूने उघडला असेल? तिने मावळा फिरवून पाहिला, रेघेवर बोट फिरवले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हात वेगळा करून नंतर लावला तर?"